आयसीयूत कुठला फायर एक्स्टिंग्विशर ठेवावा: हाताळून बनलेलं माझं मत

मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. रुग्णालयाच्या सुरक्षा समितीत नर्सिंगच्या बाजूने मी बसते. आमचे जुने सिलिंडर बदलायची वेळ आली, तेव्हा कुठल्या विभागात काय लावायचं हे ठरवण्यात मी पहिल्यापासून होते. विक्रेत्यांचे डेमो पाहिले, मॉक ड्रिलमध्ये स्वतः फवारून पाहिलं, सर्व्हिसिंगला माणूस आला की शेजारी उभी राहून त्याला प्रश्न विचारले. त्यातून जे मत बनलं ते इथे लिहिते आहे. अभिप्राय कंपन्यांचा नाही, प्रकारांचा आहे. लाल रंगाचं, नीट प्रमाणपत्र असलेलं सिलिंडर कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं. घोटाळा होतो तो आत काय भरलंय ते न बघता घेतल्यामुळे.

बहुतेक ठिकाणी खरेदी करताना आग कशाची लागेल एवढाच विचार होतो. लाकूड-कापडाची म्हणजे ए, तेल-स्पिरिटची म्हणजे बी, विजेची असेल तर तिसरंच काही. हे पाहायलाच हवं. पण रुग्णालयात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: सिलिंडर फवारला जाईल तेव्हा शेजारच्या कॉटवर कोण असेल? ऑफिसात आग लागली तर माणसं बाहेर पळतात आणि शेवटचा माणूस फवारा मारतो. माझ्या वॉर्डात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलू शकत नाही, आणि श्वासही रोखू शकत नाही. जे मी फवारीन ते त्याच्या नाकातोंडात जाणार. ही एक अट लावली की बाजारातला सर्वात लोकप्रिय सिलिंडर माझ्या यादीतून लगेच बाहेर जातो.

तो म्हणजे एबीसी पावडर. आगीवर हा जबरदस्त आहे, यात मला शंका नाही. आत मोनोअमोनियम फॉस्फेटची बारीक भुकटी असते. ती ज्वाला झटक्यात मारते, आणि जळत्या लाकडावर-कापडावर वितळून थर धरते, म्हणून निखारा पुन्हा पेटत नाही. ड्रिलमध्ये उघड्या मैदानावर ट्रेमधली आग दोन-तीन सेकंदांत गेली. पण त्याच मैदानावर वारा फिरला तसे आम्ही सगळे खोकत मागे सरलो. तीच पावडर बंद खोलीत मारली तर काही क्षणांत समोरची कॉट दिसेनाशी होते. अतिदक्षतेत समोरचं न दिसणं म्हणजे कुठली नळी कुठे आहे ते न कळणं. अनेक व्हेंटिलेटर खोलीतलीच हवा फिल्टरमधून आत ओढतात. तो फिल्टर बुजतो. दम्याचा किंवा छातीच्या विकाराचा रुग्ण असेल तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. आग विझल्यावरही प्रश्न संपत नाही, कारण ही भुकटी ओल धरते आणि ओली झाली की धातूला खाते. मॉनिटर, सिरिंज पंप, डीफिब्रिलेटर यांच्या आत गेलेली पावडर वरून पुसून निघत नाही, प्रत्येक मशीन उघडून साफ करावं लागतं. कचऱ्याच्या डब्यातल्या आगीसाठी अख्खं आयसीयू बंद करायची वेळ येऊ शकते.

म्हणून माझं मत ठाम आहे: पावडर जनरेटर खोलीला, बॉयलरला, पार्किंगला, बाहेरच्या डिझेल टाकीजवळ. रुग्ण झोपतात तिथे नको. आमच्याकडे आधी मजल्या-मजल्यावर तीच होती, 'सगळ्या प्रकारच्या आगीला चालतं' या एका वाक्यावर घेतलेली.

वॉर्डासाठी आणि आयसीयूसाठी मी ज्याला मनापासून पसंती देते तो म्हणजे वॉटर मिस्ट. पाणी म्हटल्यावर समितीतल्या दोघा-तिघांच्या भुवया वर गेल्या होत्या: विजेची उपकरणं आणि पाणी? शंका रास्त होती, कारण साध्या पाण्याच्या सिलिंडरची धार सलग असते आणि तिच्यातून वीज परत हातापर्यंत येऊ शकते. मिस्टमध्ये तसं होत नाही. आत क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी असतं, आणि नोझलमधून ते अतिशय बारीक थेंबांत सुटतं. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही, आणि थेंब सुटे असल्याने सलग वाटही तयार होत नाही. युरोपीय पद्धतीच्या चाचणीत असा सिलिंडर ३५,००० व्होल्टच्या पत्र्यावर फवारून पाहतात. त्यात उतरला तरच त्याच्यावर १००० व्होल्टपर्यंत, किमान १ मीटर अंतरावरून वापरता येईल असं लिहिता येतं. लेबलावर हे वाक्य शोधा. 'वॉटर' लिहिलंय पण हे वाक्य नाही, तर तो मिस्ट नाही, आणि व्हेंटिलेटरजवळ त्याचं काम नाही. एक गोष्ट सर्व्हिसिंगवाल्याला लेखी द्या: रिफिलिंग शुद्ध पाण्यानेच. नळाचं पाणी भरलं की विजेपासूनचं हे संरक्षण गेलं, आणि बाहेरून पाहून कुणालाही ते ओळखता येणार नाही.

मिस्ट हातात घेतल्यावर पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे त्याचा शांतपणा. सौम्य फुसफुस, मऊ धुकं, धक्का जवळजवळ नाही. जळती गादी असो वा चादर, साधारण ३ मीटरवरून पोचतं, आणि जोराची धार नसल्याने पेटलेले कपटे इकडे-तिकडे उडत नाहीत. मोठ्या, साडेनऊ लिटरच्या मॉडेलचा फवारा ८० सेकंदांच्या आसपास चालतो. हा वेळ ज्याने कधी आग विझवायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल. पावडरचा मध्यम सिलिंडर पंधराएक सेकंदांत रिकामा होतो. पहिले पाच सेकंद घाबरून चुकीच्या जागी गेले तर हाती काही उरत नाही. आमच्या नव्या सिस्टर ड्रिलमध्ये पहिला फवारा ज्वालेच्या टोकावर मारतात, सगळेच मारतात. मिस्ट असेल तर त्यांना नोझल खाली, बुडाशी आणायला वेळ मिळतो. आणि गादीची आग ही खोलवर धुमसणारी आग असते. तिला थंडावा लागतो, तो पाण्यानेच मिळतो.

उणिवाही सांगते. सहा लिटरचा भरलेला सिलिंडर दहा किलोच्या आसपास भरतो, साडेनऊ लिटरचा त्याहून बराच जड. पाणी गोठेल इतक्या थंड जागी ठेवता येत नाही. आणि लेबलावर सहसा 'बी' नसतं, म्हणजे सांडलेल्या स्पिरिटच्या किंवा हँड सॅनिटायझरच्या पसरलेल्या आगीवर त्याच्या भरवशावर राहू नये. सॅनिटायझर आता प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी लटकलेला असतो, त्यामुळे ही उणीव छोटी नाही. यासाठीच आम्ही नर्सिंग स्टेशनवर मिस्टच्या शेजारी एक दोन किलोचा कार्बन डायऑक्साइड ठेवायचं ठरवलं.

कार्बन डायऑक्साइड, म्हणजे लांब काळ्या हॉर्नचा सीओटू, ऑपरेशन थिएटरवाल्यांचा आवडता. कारण उघड आहे: फवारला, वायू उडून गेला, मागे काहीच राहिलं नाही. पावडर नाही, ओल नाही. विजेच्या पॅनेलवर, कॉटरी मशीनवर (विजेच्या उष्णतेने कापणारं, रक्त थांबवणारं यंत्र), सांडलेल्या स्पिरिटवर उत्तम. दोन किलोचा सिलिंडर कुणीही उचलू शकतं. ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी हलका.

पण पहिल्यांदा फवारणाऱ्याला तो घाबरवतो. मोठा, कर्कश आवाज, पांढरा लोट, आणि आठ-दहा सेकंदांत खेळ संपला. पल्ला १-२ मीटर, म्हणजे आगीच्या जवळ जावं लागतं. बाहेर पडणारा बर्फ उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो, म्हणून हॉर्नला हात लावायचा नाही, हँडलच धरायचं. हातात पातळ नायट्राइल ग्लव्ह असेल तर ते कातडी वाचवणार नाहीत. हे आम्ही ड्रिलमध्ये प्रत्येकाकडून तोंडी वदवून घेतो. शिवाय सीओटू थंडावा फारसा देत नाही. गादीची ज्वाला गेली असं वाटतं, वायू विरला की आतला निखारा पुन्हा पेटतो. कापडाच्या आगीला हा एकटा पुरा पडत नाही.

आणि श्वासाचा प्रश्न इथेही आहे, फक्त दिसत नाही. दोन किलो द्रव वायू बाहेर पडला की साधारण एक घनमीटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद स्टोअररूममध्ये, अडीच मीटर उंची धरली, तर हवेत सुमारे सात टक्के सीओटू होतो. चार टक्क्यांलाच जिवाला तत्काळ धोका मानला जातो. तेच एका चांगल्या मोठ्या ऑपरेशन थिएटरात केलं तर प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येतं, आणि तिथली हवा सतत बदलतही असते. म्हणून थिएटरला तो चालतो, पण छोट्या आयसोलेशन रूमला किंवा इनक्युबेटर दाटीवाटीने ठेवलेल्या खोलीला मी देणार नाही. विक्रेत्याने हा हिशेब मला कधीच सांगितला नाही. खोली मोजा आणि स्वतः करा.

थिएटरच्या आगीबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण तिथे सिलिंडर भिंतीवर आहे म्हणून लोक निर्धास्त होतात. शस्त्रक्रियेतली आग रुग्णाच्या अंगावर लागते: कॉटरीची ठिणगी, ड्रेपखाली, म्हणजे रुग्णावर पांघरलेल्या कापडाखाली, साठलेला ऑक्सिजन, नीट न वाळलेलं स्पिरिटचं प्रेप, म्हणजे कापण्याआधी कातडीला लावलेलं जंतुनाशक. स्पिरिटची ज्वाला झगमगीत प्रकाशात दिसतही नाही. अशा वेळी पहिला हात सिलिंडरकडे जाता कामा नये. भूलतज्ज्ञ वायू बंद करतात, पेटलेलं ड्रेप ओढून जमिनीवर टाकायचं, ट्रॉलीवरचं सलाईन ओतायचं. श्वासनलिकेत आग असेल तर ट्यूब बाहेर. एवढं करूनही जळत राहिलं तरच सीओटू. फायर ब्लँकेट तिथे ठेवू नये. ऑक्सिजन भरलेल्या जागी ते रुग्णावर टाकलं तर आग त्याच्या अंगालगत कोंडली जाते. प्रेप वाळायला किमान तीन मिनिटं थांबणं हे कुठल्याही सिलिंडरपेक्षा मोठं काम करतं, आणि त्याला खर्च काहीच नाही.

ऑक्सिजनचा मुद्दा आयसीयूतही तितकाच महत्त्वाचा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मास्क काढून उशीवर ठेवला आणि फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणारा नळ) चालूच राहिला, तर चादर-उशी ऑक्सिजन धरून बसतात, आणि मग एरवी धुमसणारं कापड भडकन पेटतं. सीओटू आग विझवतो तो ऑक्सिजन बाजूला सारून. भिंतीतून ऑक्सिजन येतच असेल तर त्याचं काय चालणार? आधी त्या बेडचा फ्लोमीटर बंद. गरज पडली तर झोन वाल्व्ह, म्हणजे सगळ्या विभागाचा ऑक्सिजन तोडणारा, पण तो कोण बंद करणार आणि त्याआधी बाकीच्या रुग्णांना सुटे सिलिंडर कोण लावणार, हे शिफ्टच्या सुरुवातीलाच ठरलेलं असावं. आम्ही ते हँडओव्हरच्या कागदावर नावानिशी लिहितो.

आता एमआरआय. इथे तडजोडीला जागाच नाही. यंत्राचं चुंबक सदैव चालू असतं, वीज गेली तरी, यंत्र वापरात नसलं तरी. १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकाजवळ लोखंडी सिलिंडर नेला तर तो हातातून सुटून थेट बोअरमध्ये, म्हणजे रुग्ण झोपतो त्या पोकळीत, जातो. २००१ साली न्यूयॉर्कजवळ एका रुग्णालयात स्कॅन चालू असताना ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर असाच आत खेचला गेला आणि सहा वर्षांचा मुलगा दगावला. आग लागल्यावर धावत येणारा माणूस जवळचा दिसेल तो सिलिंडर उचलणार, म्हणून एमआरआय खोलीच्या वाटेवर जवळचा सिलिंडर चुंबकाला न धरणाराच हवा. मिस्ट आणि सीओटू दोन्ही अशा बनावटीत मिळतात. लेबलावर एमआर सेफचा हिरवा चौकोन किंवा एमआर कंडिशनलचा पिवळा त्रिकोण पाहा. त्रिकोण असेल तर खाली किती टेस्लापर्यंत चालतो तेही वाचा. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे आत नेऊच नका.

खरा धोका मला सर्व्हिसिंगच्या दिवशी दिसला. एका एजन्सीचा माणूस एमआरआयचा सिलिंडर रिफिलिंगला घेऊन गेला आणि त्या जागी साधा लोखंडी स्टँडबाय, म्हणजे तात्पुरता बदली सिलिंडर, टांगून गेला. रंग तोच, उंची तीच. आमच्या टेक्निशियनने हातातलं छोटं चुंबक लावून पाहिलं म्हणून कळलं. तेव्हापासून आमचा आग्रह आहे की कराराच्या कागदावर स्टँडबायची अट वेगळी लिहिलेली हवी, आणि एमआरआयच्या दारातून काहीही आत-बाहेर जाणार ते तिथल्या टेक्निशियनच्या सहीने. ज्या एजन्सीला ही अट जाचक वाटते तिला काम देऊ नका.

क्लीन एजंटवर, म्हणजे आग विझवणाऱ्या खास रसायनांच्या सिलिंडरवर, थोडक्यात. सीटीचं कन्सोल, कॅथलॅबची कंट्रोल रूम, सर्व्हर रूम यांना हे छान: मागे काही उरत नाही, सीओटूसारखा गारठा नाही. जुना हॅलॉन १२११ ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली विकसित देशांत १९९४ पासून बनणं थांबलं. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी-२३६एफएची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट आहे. एफके-५-१-१२ हा द्रव त्या मानाने फारच सौम्य. तो नोव्हेक या नावाने बनवणाऱ्या थ्रीएमने २०२५ अखेर अशी रसायनं बनवणं बंद करण्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे पुढे रिफिल कुठून मिळणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. हे सगळे वायू तापलेल्या पृष्ठभागावर विघटित होऊन झोंबणारी आम्लं तयार करतात, म्हणून फवारा मारून बाहेर पडायचं, तिथे रेंगाळायचं नाही. रुग्णाच्या खोलीसाठी मी ते मागितले नाहीत.

स्वयंपाकघराला वेट केमिकल, एफ क्लासचा, अमेरिकन पद्धतीत के. गरम तेलावर तो साबणासारखा थर धरतो. यावर वाद नाही, तेच घ्या.

लिथियम बॅटरीबद्दल हल्ली विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे: इन्फ्युजन पंप, पोर्टेबल व्हेंटिलेटर, बॅटरीवरच्या व्हीलचेअर. बॅटरी एकदा आतून पेटली की पावडर किंवा सीओटूने ज्वाला क्षणभर बसते आणि पुन्हा येते, कारण उष्णता आतच तयार होत असते. भरपूर पाण्याने थंड करणं हाच उपाय. म्हणून मिस्ट पुन्हा पुढे, पण मोठ्या बॅटरीला एक सिलिंडर पुरेल अशी अपेक्षा नको. रुग्ण हलवा, दार बंद करा, अग्निशमन दलाला सांगा.

सिलिंडर कोण उचलणार, हे खरेदीच्या कागदावर कुठेच येत नाही. रात्रपाळीला माझ्या युनिटमध्ये सिस्टर आणि एखादी मावशी असते. पाच फूट उंचीच्या बाईला डोक्याइतक्या उंच हुकावरून चौदा-पंधरा किलो उतरवता येत नाही. अमेरिकेचं एनएफपीए १० हे मानक अठरा किलोपर्यंतच्या सिलिंडरचा वरचा भाग दीड मीटरच्या वर नको म्हणतं. मी तेही उंच समजते. आम्ही ब्रॅकेट कमरेच्या उंचीला आणून बसवले आणि वॉर्डासाठी मोठ्या एकाऐवजी सहा लिटरचे दोन घेतले. एकूण वेळ तितकाच मिळतो, आणि दोन जणी दोन बाजूंनी येऊ शकतात. हे मानक साध्या, ए प्रकारच्या आगीसाठी जास्तीत जास्त सुमारे २३ मीटर चालावं लागेल एवढं अंतर धरतं. ते रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मोजलेलं अंतर. आमच्या कॉरिडॉरमध्ये लिननची ट्रॉली, क्रॅश कार्ट आणि सलाईन स्टँड असतात, म्हणून मी त्याच्या निम्म्यात पोचता येईल असं ठेवलं. दुसरी कुरबुर सीलची. काही मॉडेलचं प्लॅस्टिक सील इतकं चिवट असतं की ग्लव्ह घातलेल्या बोटांनी पिन फिरवली तरी तुटत नाही. डेमोला ग्लव्ह घालूनच जा, आणि सर्वात लहानखुऱ्या सहकारी मुलीला पिन ओढायला सांगा.

देखभालीत मिस्ट आणि पावडर सोपे, गेजचा काटा हिरव्यात आहे की नाही ते जाता-येता दिसतं. सीओटूला गेजच नसतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे फक्त वजन करून कळतं. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांनी घटलं की रिफिल. टॅगवर सही आहे पण वजनाचा आकडा नाही, असा सीओटू मी तपासलेला मानत नाही. एनएफपीए १० प्रमाणे सीओटू आणि मिस्टची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरच्या मजबुतीची चाचणी) दर ५ वर्षांनी, पावडरची १२ वर्षांनी. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, आणि शेवटच्या टेस्टचं साल सिलिंडरवर कोरलेलं स्वतः वाचा.

मनोविकार विभागाची यादी अजून पुरी व्हायची आहे. तिथे सिलिंडर कुलूपबंद कपाटात ठेवायला परवानगी असते, पण किल्ली ड्युटीवरच्या प्रत्येकाच्या खिशात हवी, एका किल्लीने सगळी कपाटं उघडायला हवीत. पुढच्या बैठकीत मी तेवढंच मागणार आहे, आणि कपाटाच्या आत वॉटर मिस्ट.